सोशिक माश्या

आमच्या वन्सं माश्यांच्या प्राध्यापक आहेत. लग्न ठरलं तेव्हा मला एवढंच सांगितलं होतं, की मुलाची थोरली बहीण घरातच राहते, खूप शिकलेली आहे आणि संशोधन करते. कशावर, ते कुणी बोललं नाही. मी घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात टेबलावर केळी ठेवली होती आणि त्यांवर चिलटं जमली. मी फडकं उचललं तर मागून आवाज आला, "थांब, हाकलू नकोस." वन्संनी पर्समधून एक रबरी नळी काढली, एक टोक तोंडात धरलं, दुसरं केळ्यांवरून फिरवलं आणि चिलटं एकेक करून श्वासानं आत ओढून घेतली. नळीत मध्ये जाळी असते, त्यामुळे माशी तोंडात जात नाही, हे मला नंतर कळलं. समोर माझ्या माहेरची माणसं बसली होती. त्यांना ते आजतागायत पटलेलं नाही.

आपण ज्यांना चिलटं म्हणतो त्यांना वन्सं फळमाश्या म्हणतात, आणि त्यांच्यासमोर कुणी चिलट म्हटलं की कपाळाला आठी पडते. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते. तिथे गिऱ्हाइकं विचारायची, "नणंदबाई काय करतात तुमच्या?" मी म्हणायचे, "माश्यांवर काम करतात." पुढचा विनोद प्रत्येकाला आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटायचं. रिकामटेकड्या माणसाला आपण माश्या मारतो म्हणतो; वन्सं खरोखरच मारायच्या. काम संपलेल्या माश्या त्या स्पिरिटच्या बाटलीत टाकत, आणि ती काळपट गाळ साठलेली बाटली त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी असे.

आता, स्वतःच्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईनं सगळं आयुष्य माश्यांत काढावं, हा योग मला फार आवडतो. वन्सं बसच्या कंडक्टरशी भांडतात, ग्रंथालयाशी भांडतात, रेडिओवर चुकीचं बोलणाऱ्या माणसाशी तो ऐकत नसतानाही भांडतात. मीही काही कमी नाही. आमच्या दोघींच्या भांडणाला विषय लागतोच असं नाही, पण हाताशी असलेले बरे, म्हणून काही आम्ही जपून ठेवलेत: न्हाणीघरातला गळका नळ, वर्तमानपत्राची घडी, जिन्यातला दिवा कुणी चालू ठेवला. आमचे हे मध्ये पडत नाहीत. हे पाणीपुरवठा खात्यात होते. दाब वाढला की बाजूला सरकायचं, एवढं ते नोकरीत पक्कं शिकले.

सासूबाई मात्र वेगळ्याच मातीच्या होत्या. मला त्या थोडीच वर्षं लाभल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायच्या, अंगात करडा स्वेटर, पाय एका उशीवर. समोर जे येईल ते खायच्या, नाही आलं तर मागायच्या नाहीत. मी आमटीत मीठ दोनदा घातलं तरी हूं की चूं नाही. कुणी त्यांच्या खुर्चीत बसलं तर तो उठेपर्यंत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. बोलणं हळू, जड, एकेक शब्द जिन्यावरून सांभाळून उतरवल्यासारखा. येणारा-जाणारा म्हणायचा, काय सोशिक बाई आहे. माझ्या मैत्रिणी तर माझा हेवा करायच्या. त्यांच्या सासवा त्यांना सळो की पळो करून सोडत होत्या. एका दुपारी सासूबाई त्याच खुर्चीत झोपल्या आणि उठल्या नाहीत. जातानाही कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले, आणि आम्हीही मान डोलावली.

त्याच वर्षी वन्संना त्या माश्या सापडल्या.

फळमाश्यांचे नर फार भांडखोर असतात. एका बशीत खाण्याचा ठिपका ठेवायचा, त्यावर एक मादी, आणि दोन नर सोडायचे. थोड्याच वेळात ते मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना ठोसे लगावतात. मी स्वतः भिंगातून पाहिलं आहे. आमच्या इमारतीची वार्षिक सभा आठवते. वन्सं माश्या वाढवायच्या त्या शेकडो काचनळ्यांपैकी एका नळीतले नर मात्र भांडेनात. दुसऱ्यानं ढकललं की बाजूला व्हायचे. खाणं हिसकावलं की उभे राहून बघायचे. माद्याही तशाच, अंगावर कुणी आलं तरी हलायच्या नाहीत. वन्संनी त्यांची वेगळी जात धरली, पिढ्यान्‌पिढ्या वाढवली आणि तिचं नाव ठेवलं 'सोशिक'. कुणाच्या आठवणीनं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सोशिक हे विशेषण लावणारा माणूस सहसा त्या सोशिकपणाचा फायदा घेणारा असतो, असं माझं मत आहे. पण माश्यांच्या बाबतीत मी ते बोलून दाखवलं नाही.

मग वन्संनी या माश्यांची साध्या माश्यांशी लग्नं लावली. आई सोशिक, बाप साधा, तर सगळी पोरं सोशिक. आई साधी, बाप सोशिक, तर सगळी पोरं भांडखोर. म्हणजे गुण आईकडून येतो. हे जंतूंचं काम नाही ना, ते बघायला त्यांनी माश्यांच्या खाण्यात जंतू मारायचं औषधही घालून पाहिलं. माश्या होत्या तशाच सोशिक राहिल्या. झालं, रोगाचा प्रश्न मिटला. वन्संचं नाव झालं. कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात एक परिच्छेद आला, आईकडून येणारा शांत स्वभाव, आणि शेजारी दोन नळ्यांचं चित्र. लांबलांबच्या प्रयोगशाळा त्या माश्या मागवू लागल्या. तो परिच्छेद वन्संचा जीव की प्राण. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की त्या आधी तो जागेवर आहे का बघायच्या आणि मग पुस्तक मिटून ठेवायच्या.

घरात त्या परिच्छेदाची झळ मला बसली. माझी मुलगी शाळेत कुणाला तरी बदडून आली की वन्सं चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. "मुली आईवर जातात. माझ्या माश्या बघ." मुलीनं दार आपटलं की माश्या, परीक्षेच्या पर्यवेक्षकाशी वाद घातला की माश्या. ती पुढे वकील झाली, तेव्हा वन्संनी मला पेढ्यांऐवजी तो परिच्छेद दिला असता, पण तो मला पाठच होता. स्वतः वन्सं कुणावर गेल्या, हे मी एकदा विचारलं होतं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा नळाबद्दल बोलल्या.

निवृत्तीचं वर्ष आलं. संस्थेनं निरोपाचं व्याख्यान ठरवलं, पत्रिका छापायला टाकल्या, विषय अर्थातच 'सोशिकतेचा वारसा'. आणि नेमकं तेव्हा एका लांबच्या प्रयोगशाळेतून एका तरुण बाईची ईमेल आली. तिच्याकडच्या खोलीतलं थंड ठेवायचं यंत्र उन्हाळ्यात बिघडलं होतं, माश्या बरेच दिवस गरम खोलीत राहिल्या, आणि आता 'सोशिक' जातीचे नर एकमेकांना बदडतायत. कारण काय असावं, असं तिनं नम्रपणे विचारलं होतं.

वन्संच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "निष्काळजीपणा," त्या जेवताना म्हणाल्या. "बाहेरची माशी शिरली असणार. नळीच्या तोंडाचा कापसाचा बोळा नीट बसवत नाहीत आणि प्रश्न मला विचारतात."

"मग तसं कळवून टाका," मी म्हटलं.

"नुसतं कळवून काय होतंय? दाखवून देते."

त्यांनी आपल्या 'सोशिक' माश्यांच्या काही नळ्या मुद्दाम गरम कपाटात ठेवल्या. दोन पिढ्या होऊ दिल्या. एकही बाहेरची माशी शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बोळे तपासले, कुणाला त्या कपाटाला हात लावू दिला नाही. त्या बाईचं तोंड बंद करायची अशी जय्यत तयारी करून त्यांनी नर बशीत सोडले. नर मागच्या पायांवर उभे राहिले आणि एकमेकांना ठोसे लगावू लागले.

त्या दिवशी वन्सं घरी आल्या त्या थेट आपल्या खोलीत गेल्या. जिन्यातला दिवा मी चालू ठेवला होता. त्यांनी तो बंद केला नाही, त्यावर काही बोलल्याही नाहीत. मला जरा चमत्कारिकच वाटलं.

रक्तातला गुण उष्णतेनं जात नाही, हे त्यांना कळत होतं. जातो तो रोग. मग त्यांनी जे केलं ते इतकं सोपं होतं, की आतापर्यंत का केलं नाही याचं उत्तर देणं कठीण झालं. त्यांनी एका सोशिक माशीचं पोट फाडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. इतकी वर्षं त्या माश्यांची डोकी फोडत होत्या. स्वभाव मेंदूत असणार, म्हणून हजारो मेंदू कापून, रंगवून, मोजून झाले होते. पोट बाटलीत जायचं. पोटात काय बघायचंय? आणि पोटात खच भरला होता. तांदळाच्या दाण्यासारखे चकचकीत ठिपके, आतड्यात, चरबीत, अंडाशयात, जागा मिळेल तिथे.

नंतर त्यांनी मला तो प्रकार समजावून सांगितला, तेव्हा टेबलावरचा दोरा घेऊन दाखवलं. तो एकाच पेशीचा परजीवी, बुरशीच्या लांबच्या नात्यातला. मधमाश्यांच्या पोटात दुखणं करणारे त्याचे चुलतभाऊ सगळ्यांच्या माहितीचे आहेत. दाण्याच्या आत एक बारीक नळी गुंडाळून ठेवलेली असते. माशीनं दाणा गिळला की नळी सटकन उलगडते, आतड्याच्या पेशीला भोसकते आणि तिच्यातून परजीवी आत ओतला जातो. मग तो आत बसून पेशीचं खातो. माशी मरत नाही, मरेल कशी, मेली तर याला खायला घालणार कोण. ती फक्त थकते. भांडायला लागते ती ताकद उरत नाही. आणि आईच्या अंड्यांतून तो पोरांत जातो, म्हणून सगळी पोरं आईसारखी. जंतू मारायचं ते जुनं औषध जिवाणूंवरचं, ते याला लागूच नव्हतं. चोर घरात नाही असं त्या म्हणाल्या होत्या, आणि तपासली होती दुसऱ्याचीच खोली.

"मग हा आहे तरी कोण?" मी विचारलं.

"तेच कुणाला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

त्याची जनुकं जगभरच्या माहितीशी ताडून पाहिली, कुणाशीच जुळली नाहीत. सगळ्यांत जवळचा नातेवाईक एका डासाच्या पोटात निघाला, तोही जवळचा म्हणण्यासारखा नाही. मोठ्या सूक्ष्मदर्शकानं आतल्या नळीचे वेढे पाहिले, तेही वेगळे. म्हणजे नवी जात. मधमाश्या पाळणारे वापरतात ते औषध वन्संनी सोशिक माश्यांना दिलं, माश्या बऱ्या झाल्या आणि मारामाऱ्या करू लागल्या. बऱ्या झालेल्यांना पुन्हा ते दाणे चारले, त्यांची पोरं पुन्हा सोशिक. शंकेला जागा उरली नाही. मला वाटतं वन्संनी आयुष्यात इतकं चोख काम कधी केलं नसेल, आणि ते सगळं स्वतःच्या परिच्छेदावर बोळा फिरवण्यासाठी.

संस्थेत मात्र आनंदीआनंद. नवा परजीवी सापडला, तोही निवृत्तीच्या वर्षी. वन्संचे विभागप्रमुख घरी आले. ते एकेकाळी वन्संचेच विद्यार्थी. मी त्यांना मनातल्या मनात होयबा म्हणते, कारण त्यांना कधी कुणाला नाही म्हणताना ऐकलेलं नाही. पेढे त्यांनी आणले नाहीत, पण चेहरा तसाच होता.

"मॅडम, दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवू या," ते चहा ढवळत म्हणाले. "परजीवी आपण फळबाजारातल्या माश्यांमधून सापडला म्हणून जाहीर करू. मी बाजारात पाहिलं, तिथल्या काही माश्यांत तो आहेच. म्हणजे खोटं काही नाही. सोशिक जातीचा उल्लेख कशाला? व्याख्यान पत्रिकेत आहे तसंच होऊ दे."

"आणि सोशिक माश्या?"

"त्या ब्लीच ओतून मारून टाकू सगळ्या. संसर्ग पसरायला नको. कारण विचारलं तर स्वच्छता."

वन्संनी कप खाली ठेवला. आता त्या होयबांना फाडून खाणार, म्हणून मी दारातच उभी राहिले, असले प्रसंग मी चुकवत नाही. पण त्या म्हणाल्या, "बघते." होयबा खूश होऊन गेले. मी कप उचलताना पाहिलं, वन्संचे हात मांडीवर नुसते पडले होते. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला माहीत नाही. कागदावर नवी जात सापडल्याचा मान, पुस्तकात परिच्छेद, सभागृहात टाळ्या, सगळं जागच्या जागी. फक्त मूग गिळायचे होते.

त्या आठवड्यात त्या घरात वेगळेच प्रश्न विचारू लागल्या. जेवताना यांना म्हणाल्या, "आईला थंडी वाजायची का रे?"

"आई शांत होती," हे म्हणाले.

"ते नाही विचारलं. थंडी वाजायची का?"

"आता हे काय मध्येच?"

"केस गळायचे, ते मला आठवतंय. आवाज नंतर घोगरा झाला होता. पाय सुजायचे. दुपारी किती झोपायची?" त्या माझ्याकडे वळल्या. "तू घरात असायचीस. सांग."

"जेवल्यावर झोपायच्या, त्या संध्याकाळपर्यंत," मी म्हटलं. "उठवलं तर उठायच्या. चेहरा सुजलेला असायचा. आम्ही म्हणायचो, झोपेमुळे."

"तिला कधी डॉक्टरकडे नेलं होतं?"

नेलं नव्हतं. न्यायचं कशाला? त्यांनी कधी तक्रारच केली नव्हती. गळ्यातल्या एका ग्रंथीचं काम मंदावलं की माणूस असाच होतो, हे आज लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या बाईला ठाऊक आहे. रोज एक गोळी घ्यायची, बस.

"ताई, पुरे," हे म्हणाले. यांचा आवाज वर गेलेला मी फार कमी वेळा ऐकला आहे. "तुझ्या माश्या आजारी निघाल्या म्हणून आईला आजारी ठरवू नकोस. तिचा स्वभाव होता तो. तेवढाच तर आपल्याकडे उरलाय तिचा." आणि अर्धं ताट टाकून उठले. पानावरून उठायचा आमच्या घरातला हक्क वन्संचा, त्यामुळे त्यांनाही काय करावं सुचेना.

व्याख्यानाच्या दिवसापर्यंत बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. वन्सं काय बोलणार, ते मलाही माहीत नव्हतं. मी त्यांचा करडा कोट लाँड्रीतून स्वतः इस्त्री करून आणला, तो त्यांनी काही न बोलता घातला. इस्त्रीत एक चूण राहिली होती. ती त्यांना दिसली, आणि तरीही त्या काही बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

सभागृह भरलं होतं. होयबांनी परिचय करून दिला, तो परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला, टाळ्या झाल्या. वन्सं उठल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "आत्ता वाचला तो परिच्छेद चुकीचा आहे. पत्रिकेतला विषयही चुकीचा आहे. पत्रिका फेकून देऊ नका, मागची बाजू कोरी आहे, टिपणं घेता येतील."

लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मग वन्संनी एकेक करून सगळं सांगितलं: गरम खोली, लांबच्या बाईची ईमेल, तिला खोटं पाडायला केलेला प्रयोग, पोटातले दाणे, मधमाश्यांचं औषध. त्या बाईचं नाव शोधनिबंधात पहिलं येईल, हेही सांगितलं. पडद्यावर त्या परजीवीचं मोठं चित्र आलं तेव्हा होयबा आपल्या बुटांकडे बघत होते. परजीवीला नाव काय दिलं, असं एकानं विचारलं. स्वतःचं नाव द्यायचं नाही असा त्यांच्यात दंडक आहे. मला क्षणभर धाकधूक झाली, माझं तर दिलं नाही? पण त्यांनी लॅटिनमधला 'निमूट' अशा अर्थाचा शब्द दिला होता. एवढाही मान माझ्या वाट्याला आला नाही.

"मॅडम, मग पाठ्यपुस्तकाचं काय?" एका मुलीनं विचारलं.

"प्रकाशकांना कळवलंय. परिच्छेद काढून टाका, चित्र राहू दे. नळ्या तशा बऱ्या दिसतात."

पुन्हा हशा. वन्संनी कागद गोळा केले, आणि आता त्या खाली उतरणार असं वाटत असताना तिथेच थांबल्या. "एक राहिलं," त्या म्हणाल्या. "मी हे ओळखायला इतकी वर्षं का लावली, तर मला त्या आवडत होत्या. ज्यांचा आपल्याला त्रास होत नाही त्यांना आपण गुणी म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. मी त्यांचे मेंदू मोजले, पिढ्या मोजल्या. यांना बरं आहे का, एवढं एकदाही बघितलं नाही." हे बोलताना त्या आमच्या रांगेकडे बघत होत्या. यांनी माझा हात धरला नाही, नुसता आपला गुडघा घट्ट धरून ठेवला.

घरी परतलो. जिन्यात अंधार होता. दिवा आम्ही तिघांनीही लावला नाही. वन्सं पुढे, मधे हे, मागे मी. दुसऱ्या वळणावर हे थांबले.

"ऐन उन्हाळ्यातही स्वेटर घालायची," हे म्हणाले. "पंखा लावला की मला म्हणायची, बाळ, स्वेटर दे. मीच आणून द्यायचो."

वन्सं वरच्या पायरीवरून मागे वळल्या.

"रोज," हे म्हणाले. "मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना लागतो."

"ती म्हातारी नव्हती रे," वन्सं म्हणाल्या. "आपण आज आहोत त्याहून लहान होती."

दोघं जिन्यातच बसली. मी वर जाऊन चहा ठेवला आणि बराच वेळ त्यांना हाक मारली नाही. मला रडू आलं ते गॅससमोर, आणि ते सासूबाईंसाठी होतं. चांगल्या सासूची सून म्हणून इतकी वर्षं मी मिरवले, आणि त्या बिचाऱ्या नुसत्या थकलेल्या होत्या. धडधाकट असत्या तर कदाचित आमचंही जोरदार भांडण झालं असतं. मीठ दोनदा पडलं म्हणून त्यांनी मला चार शब्द सुनावले असते. ते शब्द कसे असते, हे आता कधीच कळणार नाही.

वन्सं निवृत्त झाल्या. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत परिच्छेद नव्हता, चित्रही नव्हतं. तिथे कोळ्यांवर काहीतरी होतं. माझी मुलगी घरी येऊन वाद घालते तेव्हा वन्सं आता माझ्याकडे बघत नाहीत. त्या तिला म्हणतात, "मोठ्यानं बोल." मला ते जरा पचायला जड जातं, कारण बोलणं मलाच ऐकावं लागतं.

मध्यंतरी लाँड्रीत लग्नसराईचा हंगाम होता. दिवसभर उभं राहून मी घरी यायचे ती नुसती आडवी व्हायचे. नळ गळत होता, गळू दिला. वर्तमानपत्र उलटसुलट घडी करून ठेवलं होतं, तसंच उचललं. वन्सं मला म्हणाल्या, "तुमच्या माहेरी भांडी अशीच ठेवतात वाटतं." मी म्हटलं, "असेल," आणि झोपून गेले.

दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत वन्सं लाँड्रीत हजर. गिऱ्हाइकांना बाजूला सारून काउंटरच्या आत आल्या आणि माझी पर्स उचलली. "चल."

"कुठे?"

"रक्त तपासायला."

"वन्सं, मला काही झालेलं नाही. दुकान कोण बघेल?"

"परवापासून तू माझ्याशी भांडली नाहीस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो रागानं कापत नव्हता हे मला कळलं. "माहेर काढलं तरी गप्प. मी एकदा फसले. पुन्हा नाही फसणार. चल म्हणते ना."

मी गेले. सुई टोचताना वन्सं रक्त घेणाऱ्या मुलीशीच भांडल्या, शीर नीट शोध म्हणून. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. तो त्यांनी माझ्या आधी फोडला, खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसून चष्मा वरखाली करत प्रत्येक आकडा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. मी दारात उभी होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि कागद माझ्या हातात दिला.

"सगळं ठीक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे स्वभाव तुझा तुझाच आहे."

"तुमचा तरी कुणाचा उसना आहे?" मी म्हटलं. "आणि तो नळ आधी दुरुस्त करून घ्या, रात्रभर टपटप चालू असते."

"नळ तू गळका केलास."

"मी?"

आत हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं, चुकीची घडी, आणि उठून आमच्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.